गोड्या पाण्यातला मासा: खायचा की सोडायचा?

प्रश्न थोडक्यात असा होता. एकाने गळाला लागलेला मासा घरी न्यायला घेतला आणि काठावर बसलेल्या तिघांनी तीन मतं दिली. पहिला म्हणाला, खरा हौशी मासेमार मासा सोडून देतो. दुसरा म्हणाला, खायचं नसेल तर उगाच गळाचा काटा टोचून सोडून देणं हाच खरा छळ. तिसरा म्हणाला, असा मासा न्यायला मुळात परवानगीच नसते. यातलं खरं कोणाचं, आणि खाण्यासाठी मासा धरण्यात काही गैर आहे का?

गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं व्यवस्थापन हे माझं काम. कुठल्या पाण्यातून कोणता मासा, किती आणि कधी काढला तर पाठीमागे पुरेसा उरतो, हे बघणं. त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे: खाण्यासाठी मासा धरण्यात गैर काहीच नाही, आणि ते तिघंही आपापल्या पाण्यापुरते बरोबर असू शकतात. चूक एवढीच होते, की हा वाद मासा हातात तडफडत असताना घातला जातो. तेव्हा फार उशीर झालेला असतो. तुम्ही कुठल्या पाण्यावर बसलात, कुठला गळ बांधलात, आमिष काय लावलंत आणि पाणी किती तापलेलं आहे, यावर त्या माशाचं निम्मंअधिक भवितव्य आधीच ठरलेलं असतं.

आधी दृष्टिकोनाबद्दल, कारण भांडणं नियमांवरून कमी आणि त्यावरूनच जास्त होतात.

समुद्र वगळून नद्या, तळी, जलाशय आणि पाणथळ जागांमधून जगात वर्षाला साधारण 1.1 कोटी टन मासळी पकडली जाते. यातली बहुतेक आशिया आणि आफ्रिकेत, आणि जवळजवळ सगळी माणसाच्या पोटात जाते. आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीच्या खोऱ्यात किंवा आफ्रिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या काठी जाऊन कुणाला ‘मासा पकडून परत पाण्यात सोड’ म्हणून पाहा, तो तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल. पकडून सोडणं ही त्या मानाने अलीकडची आणि भरल्या पोटाची पद्धत. अमेरिकेत ली वुल्फ या मासेमार-लेखकासारख्यांनी 1930 च्या दशकात तिचा हिरिरीने प्रचार केला. त्यांचं म्हणणं अव्यवहारी मुळीच नव्हतं: पकडणारे वाढत होते, ट्राउट आणि सामन हे थंड पाण्यातले मासे कमी होत होते, आणि एकाने पकडून सोडलेला मासा दुसऱ्यालाही पकडायला मिळतो. हा हिशोब होता. पुढे त्याचा धर्म झाला, आणि मासा खाणारा तो अडाणी असा सूर त्यात मिसळला.

कार्पचं उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये तळ्यातल्या मोठ्या कार्पांना लोक नावं ठेवतात, म्हणजे खरोखरचं नाव देतात. मासा ओल्या गादीवर ठेवून काटा काढतात, जखमेला औषध लावतात, फोटो काढून परत सोडतात. तो काही वर्षांनी पुन्हा कुणाला तरी सापडतो आणि ओळखला जातो. हाच कार्प चेक प्रजासत्ताकात आणि पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या रात्रीचं मुख्य जेवण आहे, आणि त्यासाठी तो शतकानुशतकं मुद्दाम तळ्यांत वाढवला जातो. आणि ऑस्ट्रेलियात तो बाहेरून आलेला उपद्रवी प्राणी. तिथल्या काही राज्यांत पकडलेला कार्प जिवंत परत सोडणं हाच गुन्हा. एक मासा, तीन देश, तीन नीतिशास्त्रं. पूर्व युरोपातून इंग्लंडमध्ये गेलेल्या लोकांनी कार्प घरी नेला तेव्हा तळ्यांच्या काठी मोठे वाद झाले. नेणारा म्हणतो मी मासे पकडले, बघणारा म्हणतो तू चोरी केलीस. शेवटी तिथे अनेक भाषांमध्ये फलक लावावे लागले. दोघांपैकी कुणी दुष्ट नव्हतं.

गंमत अशी, की इंग्लंडचा कायदासुद्धा ‘खायचंच नाही’ असं म्हणत नाही. 2010 पासूनच्या तिथल्या नियमांनुसार नदीतून गळाने दिवसाला एक पाइक (एक शिकारी मासा) नेता येतो, तो 65 सेंटिमीटरपेक्षा मोठा नसेल तर. दोन ग्रेलिंग (ट्राउटच्या कुळातला मासा) नेता येतात, 30 ते 38 सेंटिमीटर दरम्यानचे. आणि कार्प, पर्च, रोच वगैरे ठरावीक जातींचे 20 सेंटिमीटरपर्यंतचे पंधरा छोटे मासे. या जातींचे बाकीचे मासे जिवंत परत. हे आकडे नीट बघा. पाइकवर वरची मर्यादा आहे, खालची नाही. लहान न्या, मोठा सोडा. बहुतेक लोकांच्या मनातला नियम नेमका उलटा असतो, म्हणून इथे जरा थांबतो.

‘लहान मासा सोडावा, मोठा ठेवावा’ हे आपण सगळेच ऐकत आलो. त्यामागचं कारण चांगलं आहे: प्रत्येक माशाला मरण्याआधी निदान एकदा अंडी घालायची संधी मिळावी. म्हणून किमान लांबीचा नियम असतो, आणि तो त्या जातीचा मासा कोणत्या लांबीला वयात येतो ते पाहून ठरवलेला असतो. पण नुसता हा एकच नियम ठेवला तर काय होतं? सगळा दाब मोठ्या माशांवर येतो. मर्यादा ओलांडली रे ओलांडली की मासा ताटात. काही वर्षांत पाण्यात फक्त मर्यादेच्या जेमतेम खालचे मासे उरतात, आणि लोक म्हणतात, पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत.

मोठी मादी ही नुसती लांबीने मोठी नसते. माशाचं वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. तीस सेंटिमीटरच्या मादीपेक्षा साठ सेंटिमीटरची मादी दुप्पट लांब, पण वजनाने जवळपास आठपट. गाबोळीही किमान त्याच हिशोबाने वाढते, कित्येक जातींत त्याहून जास्त. म्हणजे ती एक मादी मारली तर अंड्यांच्या हिशोबात आठ लहान माद्या मारल्यासारखंच. शिवाय मोठे मासे सतत काढत राहिलं की हळू वाढणारे, लहानपणीच वयात येणारे मासे मागे राहतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. डेव्हिड कॉनोव्हर आणि स्टीफन मंच यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सिल्व्हरसाइड नावाच्या छोट्या समुद्री माशांवर हे करून पाहिलं होतं. दर पिढीतले मोठे मासे काढत गेल्यावर चारच पिढ्यांत त्या गटाचे मासे आकाराने लहान झाले. प्रयोग टाकीतला होता, नदीतला नाही, हे मान्य. पण दिशा स्पष्ट आहे.

यावरचा तोडगा म्हणजे स्लॉट मर्यादा. एका लांबीच्या खालचे सोडा, एका लांबीच्या वरचे सोडा, मधले न्या. इंग्लंडमधला ग्रेलिंगचा नियम हाच. माझ्या मते गोड्या पाण्यातल्या बहुतेक शिकारी माशांसाठी सगळ्यात शहाणा नियम हा आहे, आणि जिथे कायद्यात तो नसेल तिथे स्वतःपुरता पाळायला कुणी अडवत नाही. मधल्या आकाराचा मासा खायलाही चांगला असतो. ते का, ते पुढे सांगतो.

आता तिसऱ्याचा मुद्दा, परवानगीचा. इथे माझी सहानुभूती त्याच्याकडे आहे, कारण ‘नदी काय कुणाच्या बापाची आहे का’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. पाणी कुणाचंही नसेल, पण त्यातला मासा धरण्याचा हक्क बहुतेक ठिकाणी कुणाचा तरी असतो. इंग्लंडमध्ये खासगी हक्काच्या पाण्यातून विनापरवानगी मासा काढणं हा 1968 च्या चोरीच्या कायद्यातला गुन्हा आहे. फिनलंडमध्ये याच्या बरोबर उलट: साध्या काठीला दोरी आणि गळ बांधून किंवा बर्फाला भोक पाडून मासे धरणं हा सर्वसाधारणपणे प्रत्येकाचा हक्क, परवान्याशिवाय. शेजारच्या स्वीडनमध्ये रानात फिरायचा, मुक्काम करायचा हक्क सगळ्यांना आहे, पण त्यात मासेमारी येत नाही. किनारा आणि पाच मोठी सरोवरं सोडली तर पाण्याच्या मालकाची परवानगी लागते. जर्मनीत तर परवान्यासाठी साधारणपणे परीक्षा द्यावी लागते: माशांच्या जाती, कायदा, साधनं, मासा मारायची योग्य पद्धत. मला ही परीक्षा आवडते.

त्यामुळे नव्या पाण्यावर जाताना चार गोष्टी विचारायच्या. मासेमारीचा हक्क कुणाकडे आहे, परवाना लागतो का, कोणत्या जाती आणि किती लांबीचे मासे नेता येतात, आणि बंदीचा काळ कोणता. तलाव ठेक्याने दिलेला असेल तर त्यातला मासा कुणीतरी पैसे घालून आणलेल्या बोटुकल्यांचा, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांचा, वाढून झालेला असतो. तो ‘निसर्गाने दिलेला’ नसतो. काठावरचा जुना माणूस ‘इथे सगळे धरतात’ म्हणाला म्हणून ती परवानगी होत नाही.

बंदीच्या काळाचं कारण कुणाला समजावून सांगावं लागू नये, पण लागतं. विणीच्या वेळी मासा उथळ पाण्यात येतो, प्रवाहाविरुद्ध चढतो, दाटीने एका जागी जमतो, आणि एरवीची सावधगिरी विसरतो. म्हणजे तो सगळ्यात सहज सापडतो तेव्हाच तो सगळ्यात मोलाचा असतो. पोट फुगलेली, हलक्या हाताने दाबलं तरी अंडी सुटणारी मादी सापडली तर बंदी असो वा नसो, ती पाण्यात गेली पाहिजे. नर घरट्यावर राखण करणाऱ्या जातींत तर एक नर उचलला तरी इतर मासे तासाभरात सगळी अंडी फस्त करू शकतात.

काही गोष्टींवर मतभेदाला जागाच नाही. सुरुंग, विष आणि वीज. भारतात 1897 च्या मत्स्य कायद्याने स्फोटकं आणि विष यांवर बंदी घातली, म्हणजे हा प्रश्न तेव्हाही जुनाच होता. सुरुंगाने मेलेल्या माशांपैकी बरेचसे तळाशी बसतात, हाताला लागतच नाहीत. विषाने मासा, त्याचं खाद्य आणि पुढची पिढी एकदम जाते. त्याला मासेमारी म्हणू नये.

दिवसाच्या मर्यादेबद्दल एक बारीक गोष्ट. पुष्कळ ठिकाणी दिवसाला किती धरायचे याची मर्यादा वेगळी आणि एकूण जवळ किती बाळगायचे याची वेगळी असते. घरच्या फ्रीझरमधले मासेही या दुसऱ्या मर्यादेत मोजले जाऊ शकतात. तसंच, आधी धरलेला लहान मासा दोरीला बांधून ठेवायचा आणि मोठा मिळाला की अर्धमेला लहान सोडून द्यायचा, ही चलाखी अनेक ठिकाणी बेकायदा आहे, आणि नसली तरी ओंगळच. मासा ठेवायचा ठरला की तो तुमच्या मोजणीत आला.

लांबी मोजायचीही एक रीत असते. मासा ओल्या सपाट पट्टीवर आडवा ठेवायचा, तोंड मिटवायचं, तोंडाचं टोक पट्टीच्या शून्याला टेकवायचं आणि शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत जवळ आणून सगळ्यात लांब टोकापर्यंत मोजायचं. काही ठिकाणी शेपटीच्या बेचक्यापर्यंतची लांबी धरतात. दोन्हींत मोठ्या माशाला काही सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून तिथला नियम कोणती लांबी म्हणतो ते आधी बघा. आणि मापाच्या काठावरचा मासा सोडून द्या. अर्ध्या सेंटिमीटरसाठी तपासनिसाशी हुज्जत घालणारा माणूस कधी शोभून दिसत नाही.

आता पहिल्याकडे येऊ, ‘सोडून द्यावा’ म्हणणाऱ्याकडे. सोडणं म्हणजे फुकटचं पुण्य नव्हे. सोडलेले काही मासे मरतातच, फक्त आपल्यासमोर मरत नाहीत. बार्थोलोम्यू आणि बोनसॅक यांनी 2005 मध्ये यावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सोडलेल्या माशांचं सरासरी मरणप्रमाण 18 टक्के निघालं. मध्यक, म्हणजे सगळे आकडे ओळीने लावल्यावर मधोमध येतो तो, 11 टक्के होता; थोडक्यात, बहुतेक ठिकाणी प्रमाण कमी आणि काही ठिकाणी भयंकर. सगळ्यात मोठं कारण म्हणजे काटा कुठे रुतला. ओठात किंवा जबड्यात असेल तर मासा बहुधा जगतो. घशात, कल्ल्यात किंवा आतड्यात गेला तर अवघड. जिवंत किंवा नैसर्गिक आमिष मासा गिळतो, म्हणून ते लावून ‘मी सोडूनच देतो’ म्हणणाऱ्यावर माझा फारसा विश्वास नाही.

दुसरं कारण हवा. फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी 1992 मध्ये दमवलेल्या रेनबो ट्राउटवर पाहिलं होतं: दमवून लगेच पाण्यात ठेवलेल्यांपैकी 12 टक्के मेले, तीस सेकंद हवेत धरलेल्यांपैकी 38 टक्के, आणि मिनिटभर धरलेल्यांपैकी 72 टक्के. सगळ्या जाती ट्राउटइतक्या नाजूक नसतात. पण फोटोसाठी मासा छातीशी धरून ‘एक मिनिट, अजून एक’ करणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. तिसरं कारण गरम पाणी. त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि दमलेल्या माशाला तो जास्त लागतो. उन्हाळ्यातल्या भर दुपारी दहा मासे पकडून दहाही सोडणाऱ्यापेक्षा दोन धरून, दोन्ही खाऊन, गळ गुंडाळून घरी जाणारा माणूस त्या पाण्याला कधीकधी जास्त परवडतो.

दुसऱ्याचं म्हणणं, की खायचं नसेल तर टोचूच नका, हे जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये जवळपास कायदाच आहे. स्वित्झर्लंडने 2008 च्या प्राणिसंरक्षण नियमांत सोडून देण्याच्या हेतूने मासे धरण्यावर बंदी घातली. चुकून लागलेला, मापाचा नसलेला मासा सोडता येतो; पण सोडण्याच्या मजेसाठी गळ टाकता येत नाही. जर्मन कायद्यात वाजवी कारणाशिवाय पृष्ठवंशी प्राण्याला मारणं किंवा मोठ्या वेदना देणं गुन्हा आहे, आणि खाणं हे वाजवी कारण धरलं जातं, फोटो नाही. याउलट कॅनडात ठेवलेला, खाण्याजोगा मासा वाया घालवणं हाच नियमभंग आहे. माशाला वेदना होतात का, हा वाद शास्त्रज्ञांत अजून चालू आहे. लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ट्राउटच्या डोक्यावर इजा ओळखणारे संवेदक असल्याचं दाखवलं. विरोधक म्हणतात, संवेदक असणं वेगळं आणि वेदना जाणवणं वेगळं, त्यासाठी लागणारा मेंदूचा बाहेरचा थर (निओकॉर्टेक्स) माशाला नसतो. मी स्वतः वेदना होते असं धरून चालतो. तसं धरल्याने माझं काही बिघडत नाही.

म्हणून मासा ठेवायचा ठरला की तो लगेच मारायचा. बादलीत, पिशवीत किंवा दोरीला बांधून तासन्‌तास तडफडत ठेवणं ही मला या सगळ्या विषयातली सगळ्यात वाईट सवय वाटते, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्याच्या वरच्या बाजूला जड दांडक्याचा एक नेमका फटका. नीट बसला की कल्ल्यांची उघडझाप थांबते आणि मासा फिरवला तरी डोळा त्याच्याबरोबरच फिरतो, स्थिर राहत नाही. मग लगेच कल्ल्यांखालची रक्तवाहिनी कापून रक्त वाहू द्यायचं आणि मासा बर्फात. यात दयेइतकाच चवीचाही फायदा आहे. तडफडून मेलेल्या माशाच्या स्नायूंतली साठवलेली ऊर्जा संपून जाते, तो लवकर ताठरतो आणि मांस लवकर सैल पडतं.

खाण्याबद्दलचा गैरसमजही इथेच काढून टाकू. ‘गोड्या पाण्यातला मासा मातकट लागतो’ म्हणून नाक मुरडणारे बरेच. हा वास बहुधा जिओस्मिन या पदार्थाचा असतो. पाण्यातले निळे-हिरवे शेवाळी जिवाणू आणि काही मातीतले जिवाणू तो तयार करतात, आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर येणाऱ्या मातीच्या वासातही तोच असतो. तो माशाच्या चरबीत साठतो. म्हणजे दोष जातीपेक्षा पाण्याचा. त्वचा आणि गडद रंगाचं चरबीचं मांस काढून टाकलं की वास कमी होतो, आणि आंबट पदार्थाने जिओस्मिन मोडतो, म्हणून लिंबू पिळायची रीत नुसती चवीपुरती नाही. हिरवा रंग सांडल्यासारख्या शेवाळाने भरलेल्या पाण्यातला मासा मात्र सरळ टाळावा.

पारा ही जास्त गंभीर गोष्ट. पाण्यातला पारा मिथिल मर्क्युरीच्या रूपात लहान जीवांतून लहान माशात, त्यातून मोठ्या माशात साठत जातो. म्हणून मासे खाणारा, मोठा आणि म्हातारा मासा सगळ्यात दूषित. पारा मांसातच असतो. त्वचा काढून किंवा शिजवून तो जात नाही. पीसीबीसारखी चरबीत साठणारी औद्योगिक रसायनं त्वचा-चरबी काढल्याने निदान कमी होतात. ज्या पाण्याची तपासणीच झालेली नाही तिथल्या माशाबद्दल अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा सल्ला असा, की आठवड्याला एकदाच खावा, मोठ्या माणसाला साधारण 110 ग्रॅम, आणि त्या आठवड्यात दुसरा मासा खाऊ नये. गरोदर बायका आणि लहान मुलांच्या बाबतीत तर हे काटेकोरपणे पाळावं. बघा, मघाशी मोठी मादी सोडायची म्हणालो, ती अंड्यांसाठी; इथे तीच मोठी मादी स्वतःच्या पोटासाठीही सोडायची. मधल्या आकाराचा मासा घ्या म्हणतो तो यामुळे. नियम, नदी आणि तब्येत तिन्ही एकाच पट्टीवर येतात, असं फार कमी वेळा घडतं.

कच्चा किंवा नुसता आंबटात मुरवलेला गोड्या पाण्यातला मासा खाऊ नका. यकृतात राहणारे पर्णकृमी, म्हणजे पानासारखे चपटे जंत, ओपिस्थोर्किस आणि क्लोनोर्किस, असेच शरीरात जातात. ईशान्य थायलंडमध्ये कच्चा मासा खाण्यामुळे ओपिस्थोर्किसचा प्रादुर्भाव मोठा, आणि त्याबरोबर पित्तनलिकेच्या कर्करोगाचंही प्रमाण मोठं. लिंबाचा रस यांना मारेल याचा भरवसा नाही. मासा आतपर्यंत 63 अंश सेल्सियसला शिजला किंवा उणे 20 ला सात दिवस गोठला की परजीवी मरतात.

‘सोडून द्यावा’ या नियमालाही अपवाद आहेत, हे आधी ऑस्ट्रेलियातल्या कार्पवरून आलंच. त्याहून मजेशीर उदाहरण आपल्या मरळीच्या चुलत भावंडाचं. चीनकडची उत्तरेकडची मरळ, म्हणजे नॉर्दर्न स्नेकहेड, 2002 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये एका तळ्यात सापडली आणि एकच गहजब झाला. तिथे ती जिवंत बाळगता येत नाही. पकडलीत आणि ठेवायची असेल तर मारावीच लागते, आणि शासनच लोकांना सांगतं, धरा आणि खा. इकडे ज्या माशाला लोक मान देतात तो तिकडे गुन्हेगार. म्हणून परक्या पाण्यात ‘मी नेहमी सोडतोच’ ही सवय घेऊन जाऊ नका. आणि घरच्या काचपेटीतला कंटाळा आलेला मासा नदीत ‘सोडून’ देण्याची दया तर कुठेच दाखवू नका.

उलट टोकाला युरोपीय ईल, हा सापासारखा लांब मासा. ती आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे, आणि इंग्लंडमध्ये गळाला लागलेली प्रत्येक ईल परत सोडावी लागते. लोकांनी ती पिढ्यानपिढ्या खाल्ली, हे खरं. त्याने आजचा नियम बदलत नाही.

राहिला तो प्रश्न जो हमखास विचारला जातो: मापात न बसणारा किंवा बंदीतला मासा गळ गिळून बसला, कल्ल्यांतून रक्त येतंय, जगणार नाही हे दिसतंय. मग तो वाया जाऊ द्यायचा का? बहुतेक ठिकाणी कायद्याचं उत्तर आहे, होय, पाण्यातच सोडा. ऐकायला निर्दय वाटतं. पण ‘मरणारच होता’ हे कारण एकदा मान्य केलं की प्रत्येक बारका मासा मरणारच असतो. शिवाय तो वाया जात नाही. खेकडे, कासवं, दुसरे मासे आहेत. हात ओले करून धरा, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघणार नाही. काटा खोल असेल तर ओढू नका, तोंडाजवळ दोरी कापा. ओढून काढलेल्यापेक्षा आत काटा राहिलेला मासा जगण्याची शक्यता जास्त असते. तोंड प्रवाहाकडे करून स्वतः निसटेपर्यंत आधार द्या. आणि एकाच दिवशी असा दुसरा मासा झाला तर आमिष बदला, मोठा किंवा वर्तुळाकार गळ लावा, नाहीतर जागा बदला. तिथे बारक्यांचा थवा बसलाय, आणि तुम्हाला हवा असलेला मासा बहुधा तिथे नाहीच.